घुमटाची तार

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळी सोसायटी म्हणते, आणि ते खोटं नाही. मीटिंगमध्ये सेक्रेटरीला तोंडावर लबाड म्हणणारी आमच्या बिल्डिंगमध्ये मी एकटीच. नवघर रोडच्या भाजीवाल्यांना विचारा, द्वारकाबाई समोर उभी राहिली की काटा आपोआप सरळ होतो. पण एक गोष्ट अशी आहे की ती बोलायची वेळ आली की माझीच दातखीळ बसते. पोटच्या पोरीला सांगायची ती, आणि पोरगी सोडून तुम्हाला सांगत बसलेय.

आमचे हे, कोंडिराम, टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. परभणीहून आलो तेव्हापासून रिटायर होईपर्यंत रस्त्यावरच्या खड्ड्यात बसून शिशाच्या केबलींना डाग दिले. रिटायर झाल्यावर माणसं विहारात जातात, बागेत जातात, गप्पा मारतात. ह्यांना काचेचं खूळ लागलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या हेमालीबेन हौस म्हणून रंगीत काचेचे दिवे करतात, चार बायकांना शिकवतात. ह्यांनी त्यांच्या खिडकीत एक दिवा बघितला आणि थेट जाऊन विचारलं, मला शिकवाल का म्हणून. महिन्याभरात हेमालीबेनच मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आंटी, अंकल तो सोल्डर में हमारे गुरु निकले." मी म्हटलं, "गुरु को बोलो, पहले घर का पंखा ठीक करो." हॉलमधला पंखा तेव्हा खडखडत होता. तो पुढं दोन वर्षं खडखडला.

मग ह्यांनी घरी दिव्यासाठी काचेचा घुमट करायला घेतला; तो कसा करतात ते मला चौदा महिने बघून पाठ झालंय. काच सपाट आणि घुमट गोल, म्हणून तुकडे बारीक लागतात. ह्यांनी गवंड्याचं घमेलं आणून उलटं घातलं, वर प्लास्टर लिंपून गुळगुळीत केलं आणि पेन्सिलीनं पिंपळपानं काढली. वर निळं आभाळ, खाली हिरवी पानं, आकार स्तुपाचा. मग एकेक काच कापायची, घासायची, कडेनं तांब्याची चिकटपट्टी लावायची, मेणाच्या ठिपक्यानं घमेल्यावर बसवायची, आणि फटीफटीतून सोल्डरची तार वितळवत न्यायची. तीनशे चौऱ्याऐंशी तुकडे. जरा एक तुकडा मोठा झाला की शेवटची ओळ मिटत नाही. एकदा नाहीच मिटली, तर ह्यांनी दोन ओळी उकलून पुन्हा बसवल्या. मी म्हटलं, "कोण मोजणारेय तुमचा केसभर फरक?" म्हणाले, "घुमट मोजतो ना."

आणि हे सगळं कुणासाठी, तर जे नातवंड अजून पोटातही नव्हतं त्याच्यासाठी. आमची संघप्रिया लग्न होऊन कल्याणला गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडं. ह्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं की बाळ पाळण्यात पडेल तेव्हा वर हा दिवा लागेल.

एक सांगायलाच हवं. ह्यांना शिशाची भीती पक्की होती. खात्यात ह्यांच्या जोडीला धर्माजी म्हणून एक होते, हात न धुता डबा खायचे. शेवटी शेवटी त्यांचं मनगट उचलेना. ते ह्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून बाल्कनीचं दार लावून काम, कामाचा शर्ट वेगळा, तो धुवायचाही वेगळा, संपलं की ओल्या फडक्यानं फरशी, आंघोळ, आणि मग घरात पाऊल. मला झाडू मारू द्यायचे नाहीत तिथं, धूळ उडते म्हणून. मी म्हणायची, "एवढं सोवळं तर बामणाच्या घरात नसेल."

आता वाटीचं सांगते. माझ्या आईची पितळी वाटी. माझ्या तोंडात पहिला घास तिच्यातला, संघप्रियाच्या तोंडातही तिच्यातलाच. संघप्रियाला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी ती वर काढली. बाळाची घुटी, पेज, वरणाचं पाणी, सगळं ह्यातच द्यायचं. पण आतली कल्हई पार उडालेली. आंबट काही ठेवलं की कळकणार. आणि कल्हईवाला आता येतो कुठं? अख्खं भाईंदर स्टीलची भांडी घडवतं, इथं कल्हई कोण विचारतो! मी ह्यांना म्हटलं, "तुमच्याकडं ती तार आहेच. एवढी वाटी आतून चमकवून द्या."

"छे! त्या तारेत चाळीस टक्के शिसं असतं," हे म्हणाले. "खायच्या भांड्याला चालत नाही ते. कल्हईला शुद्ध कथील लागतं. मी आणून देतो."

आणि गेले विसरून. एक महिना गेला, दुसरा गेला. घुमटाच्या टोपीसाठी दोनदा मुंबईला जाऊन आले, पण माझ्या वाटीचं कथील काही आलं नाही. मी आठवण केली की "हो गं, आणतो," आणि पुन्हा त्या घमेल्यावर वाकलेले. माझं डोकं फिरलं. पंखा खडखडतोय, नळ ठिबकतोय, नातवंडाची वाटी काळी पडलीय, आणि ह्या माणसाला काचेच्या कडा घासायला वेळ आहे. मला वाटलं, शिसंबिसं काही नसतं, ह्यांना त्यांची तार माझ्या कामाला द्यायची नाही. चौदा महिने ह्यांच्या प्रत्येक 'नको'च्या मागं तो घुमटच तर असायचा.

एके दुपारी हे हेमालीबेनकडं गेले तेव्हा मी बाल्कनीचं दार उघडलं आणि तारेच्या गुंडाळीतून वीतभर तार तोडली.

लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, मी उकिडवी बसून तासन् तास बघायची. सगळं लक्षात होतं. वाटी चिंचेनं घासली, गॅसवर सांडशीत धरून तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर झाला, तार टेकवली आणि कापसानं भराभर फिरवली. कल्हईवाल्याच्या कथलापेक्षाही लवकर पसरली ती. वाटी आतून चांदीची झाली. एवढा आनंद झाला मला, काय सांगू! म्हटलं, बघा, ह्यांच्यावाचून काही अडत नाही.

संध्याकाळी ह्यांनी वाटी बघितली. "कुठं केलीस?"

"पश्चिमेला. मार्केटच्या मागं एक म्हातारा बसतो."

"छान केलीय," म्हणाले, आणि ओशाळले. "माझ्याकडून राहूनच गेलं बघ."

 त्यांचं ते ओशाळणं मला गोड लागलं.

सातव्या महिन्यात संघप्रिया आली. त्याच्या आधीच ह्यांनी काम संपवलं, बाल्कनी तीनदा धुतली, सोल्डरचं सगळं सामान हेमालीबेनकडं नेऊन ठेवलं. मुलगी झाली. नामकरणाला त्रिशरण-पंचशील झालं, नाव ठेवलं संचिता, आणि ह्यांनी बटण दाबलं. घुमट उजळला. पोरीच्या कपाळावर निळा उजेड, गालावर हिरवा. ती टक लावून वर बघत राहिली आणि बायका म्हणाल्या, "अगं बाई, रडायची थांबली!" माझेही डोळे भरून आले. पण माझं तोंड म्हणजे तोंड. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दिवा झाला, आता पंखा तेवढा राहिला." सगळे हसले, हेही हसले.

चार महिने पोर माझ्या मांडीवर वाढली. रोज सकाळी त्या वाटीत घुटी. पाठवणी करताना मी संघप्रियाला हातानं शिवलेली गोधडी दिली आणि ती वाटी दिली. "स्टील नको, प्लास्टिक तर मुळीच नको," मी बजावलं. "तुझ्या आज्जीची वाटी आहे, ह्यातच भरव."

संचिता नवव्या महिन्यात पांढरी पडायला लागली. वजन वाढेना, पोट साफ होईना, सारखी किरकिर. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यात शिसं निघालं. पाचच्या आत हवं ते एकोणीस. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी शिशाचं काम करतं का? संघप्रिया काय सांगणार! बापाचा दिवाच सांगितला.

त्या रविवारी ती आणि जावई समाधानराव आले. बाळाला घेऊन आले नाहीत, तिच्या सासूकडं ठेवून आले. जावई शांत माणूस, खाली बघून म्हणाले, "पप्पा, डॉक्टर म्हणतात धूळ फटींत राहते, वर्षानुवर्षं राहते."

"पण मी काम आधीच बंद केलं होतं," हे म्हणाले. "धुऊन काढलं होतं सगळं. संघा, तू बघितलंस ना?"

"मी फक्त रिपोर्ट बघितला, पप्पा," संघप्रिया म्हणाली आणि फुटलीच. "एवढीशी पोर आहे हो ती. तुमच्या हौसेपायी! एक दिवा नसता झाला तर काय बिघडलं असतं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. चौदा महिन्यांचं सोवळं मी बघितलेलं. एक शब्द बोलायला हवा होता मी त्यांच्या बाजूनं. आणि मी काय बोलले? म्हटलं, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होते, हे खूळ घरात नको."

तेव्हा माझ्या डोक्यात वाटी नव्हती. पोरीची शपथ, नव्हती. ती माझ्यासाठी आईची वाटी होती, कल्हई केलेली, स्वच्छ. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी घुमट उतरवला. ओल्या चादरीत गुंडाळला, पोत्यात घातला आणि खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात नेला. कचऱ्यात अख्खा टाकला तर कुणीतरी उचलून घरात लावेल, कुणाच्या तरी पोराला बाधेल, म्हणाले. फोडताना पोत्यावर पाणी मारत होते, तोंडाला फडकं बांधून. मी खिडकीतून बघत होते. आवाज फार झाला नाही. मी अडवलं नाही. म्हटलं, बरं झालं, पीडा गेली. नंतर ते वर आले, आंघोळ केली आणि स्टूल घेऊन पंखा दुरुस्त करायला चढले. अर्ध्या तासाचं काम होतं. त्या दिवसापासून आमचा पंखा आवाज करत नाही.

त्यानंतर संघप्रिया बाळाला आमच्याकडं आणेना. ह्यांनी जायचं नाही, मी गेले तर नवी साडी नेसून जायचं, दारात हातपाय धुवायचे. ठीक आहे म्हटलं, पोर बरी होऊ दे. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. सव्वीस.

संघप्रियाचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. "आई, वाढलंय. तुमच्याकडं पाय ठेवला नाही तरी वाढलंय. डॉक्टर म्हणतात अजून घरातूनच जातंय पोटात. आम्ही खेळणी टाकली, पाणी तपासलं, भिंतीचा रंग तपासला. काय राहिलं मला कळत नाही. तिला आता वरणाचं पाणी, टोमॅटोचं सार, सगळं आवडायला लागलंय, आणि मला घास भरवायची भीती वाटते."

मी सहज विचारलं, "भरवतेस कशात?"

"तुझ्याच वाटीत. आता तेवढंच एक भांडं आहे ज्याच्यावर माझा विश्वास आहे."

 फोन ठेवला आणि मोरीत जाऊन बसले. चाळीस टक्के. ह्यांचा आवाज जसाच्या तसा कानात आला, 'खायच्या भांड्याला चालत नाही ते'. आणि आंबट सार. नऊ-दहा महिने माझी नात माझ्या आईच्या वाटीतून विष पीत होती, पहिले चार महिने तर माझ्याच हातानं. घुमट फोडून दीड महिना झाला होता.

दुसऱ्या सकाळी निघाले. ह्यांना म्हटलं, जाऊन येते. काशिमीऱ्याहून ठाण्याची बस धरली, वरसाव्याला पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकले, पुढं कल्याण. सगळ्या वाटेत एकच वाक्य घोकत होते, संघप्रिया, ते मी केलं, ते मी केलं. पिशवीत स्टीलची नवी वाटी होती.

दार उघडलं, पोर माझ्याकडं झेपावली. डोळ्यांखाली काळं, हात काटकुळे. संघप्रियानं तिला मागं ओढलं आणि म्हणाली, "आई, आधी हात धू." हात धुताना मी आरशात तिचा चेहरा बघितला. बापाकडं ज्या नजरेनं बघितलं होतं तीच नजर माझ्याकडं वळली तर काय, एवढंच माझ्या मनात आलं. मग ही पोर मला मांडीवर मिळणार नाही. ह्यांना मिळत नाही तशी.

ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी नव्हे. पण त्या दिवशी लपवलं. स्वयंपाकघरात जाऊन वाटी उचलली आणि म्हटलं, "संघा, हिला तळाला चीर गेलीय बघ. धरत नाही आता. मी नेते, ही स्टीलची ठेव." तिनं बघितलंही नाही. "बरं," म्हणाली.

पोर वाचवली ना मी? वाचवलीच. दोन महिन्यांत सव्विसाचे चौदा झाले. संघप्रियाचा फोन आला तेव्हा हसत होती, किती दिवसांनी. "आई, सापडलं! ती गोधडी होती गं. तू येऊन गेलीस त्याच आठवड्यात मी ती टाकून दिली. पप्पांच्या बाल्कनीतली धूळ बसली असणार तिच्यात. ती गेली आणि उतरायला लागलं."

माझी गोधडी. टाका टाका माझ्या हाताचा, आणि ती बाल्कनीच्या जवळपासही कधी गेली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, "असेल बाई." त्यानंतर वाढदिवस झाला. मला बोलावलं, ह्यांना नाही. हे मला बसपर्यंत सोडायला आले, हातात फुग्यांचं पाकीट दिलं. "दुकानातनं आणलंय, मी उघडलेलं नाही, सांग तिला," म्हणाले. तेव्हाही मी बोलले नाही.

आणि वाटी? टाकायला हवी होती. ह्यांनी तीनशे चौऱ्याऐंशी तुकडे एका सकाळी फोडले, मला आईची एक वाटी टाकवेना. माळ्यावर ते घुमटाचं घमेलं उपडं पडलं होतं, त्याच्याखाली ठेवली. म्हटलं, त्याला आता हे कशाला हात लावतील.

परवा हेमालीबेननी घुमटाचा साचा, म्हणजे ते घमेलंच, मागितला. "अंकल नहीं बना रहे तो हमें दे दो." हे स्टुलावर चढले. मी पोळ्या करत होते. बराच वेळ माळ्यावरून काही आवाज येईना, म्हणून हॉलमध्ये आले तर हे खुर्चीत बसलेले, मांडीवर वाटी.  त्यांनी वर्तमानपत्राची कोरी कड फाडली, बोटावर गुंडाळली आणि वाटीच्या आतून एकदा घासली. कागदावर राखाडी रेघ उठली. बत्तीस वर्षं तेच काम केलेला माणूस तो.

"कथलाची रेघ अशी उठत नाही, शिशाची उठते," ते म्हणाले. "कल्हईवाला कुठं बसतो म्हणालीस?"

मी कणकेचे हात पदराला पुसले.

"मी घुमट फोडला तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही हो. पोरीची शपथ, नाही."

"कधी कळलं?"

"वाटी आणली तेव्हा."

त्यांनी बोटं मोजली. खरोखर मोजली, अंगठा एकेका पेरावर ठेवत. "चार महिने झाले," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्याला पुरी पडते. हे नुसते त्या रेघेकडं बघत बसले.

"संघाला सांगितलंस?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. संघप्रियाचा व्हिडिओ कॉल. मी उचलायच्या आधीच हे खुर्चीतून उठले आणि दाराच्या आड जाऊन उभे राहिले, फोनमध्ये दिसणार नाही अशा जागी. ती जागा त्यांनी ह्या महिन्यांत शोधून ठेवलेली होती. तिथून माझ्या मागच्या कपाटाच्या काचेत फोनमधली पोर दिसते त्यांना, उलटी आणि पुसट. हातात वाटी तशीच.

"आई, जय भीम! नऊ! नऊवर आलं!" संघप्रिया ओरडत होती. मागं संचिता पलंगाला धरून उभी, गाल भरलेले, पाय हापटत होती. "डॉक्टर म्हणाले आता काळजी नाही. ए चिमे, आज्जी बघ, आज्जी!" पोरीनं माझ्याकडं बघून दोन दात दाखवले. मग संघप्रियानं आवाज खाली आणला. "पप्पा जवळपास नाहीत ना? त्यांच्यासमोर नको बोलायला, उगाच त्यांना लागेल. पण आई, मला अजून राग जात नाही गं त्यांचा."

हे माझ्यापासून दोन हातांवर होते. काचेत बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी काय बोलते त्याची वाट बघत होते.

मी म्हटलं, "नाहीत गं. बाहेर गेलेत."